पोस्टरमागचा डबा

"पाचवा डबा चष्मेवाल्यांनी ठेवायचा, त्यात चर्चा नको," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा शोधला कुणी? त्यांनीच ना? मग ठेवायचा मानही त्यांचाच."

दुकानात जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला काउंटरमागे एका चष्म्याची काडी गरम करून वाकवत होता. ती त्याच्या हातात मोडली.

"अहो, मान देताहेत, दंड नाही," गल्ल्यावर बसलेली त्याची बायको म्हणाली आणि सगळे हसले. तोही हसला. न हसून सांगतो कुणाला? त्याच्या पायाशी, काउंटरच्या सगळ्यात खालच्या खणात, मोडक्या फ्रेमांच्या ढिगाखाली पत्र्याचा एक छोटा डबा पडला होता. तो तिथं का पडलाय, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

आता हे डब्यांचं काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, चांगली शहाणीसुरती माणसं, पोरांसारखे डबे काय लपवत बसलीत! तर जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. एकानं डबा लपवायचा आणि त्या जागेचे आकडे वेबसाइटवर टाकायचे. बाकीच्यांनी उपग्रहाचं यंत्र हातात धरून तिथं जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची, आणि डबा होता तिथं परत. झालं. बक्षीस नाही की काही नाही. चष्मेवाल्याची बायको याला 'डबडी हुडकायचा धंदा' म्हणायची. रविवारी नवरा निघाला की विचारायची, "आज कुठल्या गटारात?"

पण असल्या खेळालाही नियम असतात. डबा सापडला नाही, तर सापडला नाही असं लिहायचं आणि ठेवणाऱ्याला कळवायचं. डबा चोरीलाच गेला असणार असं आपल्या मनानं ठरवून तिथं स्वतःचा दुसरा डबा मात्र ठेवायचा नाही. कारण खरा डबा तिथंच कुठंतरी असला तर? मग पुढचे सगळे लोक खोट्याला खरा समजून घरी जातात, आणि खरा बसतो जन्मभर वाट बघत.

चष्मेवाल्यानं नेमकं तेच करून ठेवलं होतं.

खेळ मांडला होता टॉकीजच्या ऑपरेटरनं. टॉकीज म्हणजे पडदा एकच, पण या माणसानं सारी उमर त्या पडद्यावर उजेड पाडण्यात घालवली. बायको लवकर गेली. मागं एकुलती एक मुलगी. तिचा जन्म दुपारच्या खेळाच्या वेळचा. हा पठ्ठ्या शेवटचं रीळ चढवूनच दवाखान्यात पोचला होता. म्हणून तिचं घरातलं नाव पडलं मॅटिनी. शाळा सुटली की मॅटिनी टॉकीजच्या बाजूच्या गल्लीत यायची. मशिनच्या खोलीकडे जाणारा लोखंडी जिना तिथं बाहेरूनच होता. त्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून ती डबा खायची, अभ्यास करायची, पेंगायची. आतला खेळ संपला की बाप बाहेर यायचा आणि दोघं घरी जायची.

टॉकीजमध्ये एक चाच्यांचा सिनेमा वर्षानुवर्षं फिरून फिरून लागायचा, 'पाच कुलपांचं बेट'. काय एवढं होतं त्यात देव जाणे, पण लोकांना तो तोंडपाठ होता. कप्तान खजिना लपवून समुद्रावर जातो. त्याची लहान मुलगी किनाऱ्यावरच्या खडकावर बसून त्याची वाट बघते. सारं जग नकाशे घेऊन बेटं उकरत फिरतं, आणि खजिना असतो त्या पोरीच्या बुडाखालच्या खडकात! काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटच्या दृश्यात ती उठते, खडक सरकवते, आणि लोक शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घ्यायचे.

पुढं टॉकीज बंद पडलं, तिथं फर्निचरचं गोदाम झालं. दुसरा कुणी असता तर खचला असता. ऑपरेटर मात्र नव्या खेळाचं यंत्र शिकला आणि त्यानं त्याच सिनेमावर पाच डब्यांचा खजिना मांडला. एक डबा घड्याळाच्या मनोऱ्याशी, एक पाण्याच्या टाकीशी, असं करत करत पाचवा टॉकीजपाशी. प्रत्येक डब्यात पुढच्याचं कोडं. पाचव्याचं कोडं असं होतं : 'कप्तान कुठं गेला ते शोधू नका, त्याची वाट कुठं बसून बघितली ते शोधा.'

चष्मेवाल्याची तेव्हा चाळिशी होती आणि नजरेचा भारी तोरा होता. माझ्या नजरेतून सुटला असा डबा अजून जन्माला यायचाय, असं तो चारचौघांत म्हणायचा. आकड्यांनी त्याला गल्लीत आणून सोडलं. वाट कुठं बघायचे? तिकिटाच्या रांगेत! रांग गल्लीतच लागायची, भिंतीवरच्या पोस्टरच्या चौकटीखाली. कोड्यात 'बसून' म्हटलंय, आणि रांगेत कुणी बसत नाही, एवढं या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्यानं चौकट खरवडली, भिंतीतल्या भेगा चाचपल्या, कितीतरी रविवार घालवले. हाती धुपाटणं.

तशात बातमी आली की बाहेरगावची, डबे शोधणारी चार नावाजलेली मंडळी उद्या येणार आहेत. त्यांनी पहिलं नाव पटकावलं तर? की त्यांनाही सापडला नाही आणि खेळाची नाचक्की झाली तर? डबा कुणीतरी उचललाय, आपण ठेवून टाकू, ऑपरेटरवर उपकारच होतील. लबाडी करताना माणूस उपकाराचीच भाषा बोलतो. त्यानं दुकानातला एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात कागद घातला, वर आपलं नाव लिहिलं. देवाणघेवाणीसाठी काहीतरी हवं, म्हणून कडा गुळगुळीत केलेलं एक गोल भिंग टाकलं आणि डबा चौकटीमागं सरकवला. संध्याकाळी ऑपरेटरला सांगू, असं त्याच्या मनात होतं. पण वेबसाइटवर 'सापडला' लिहिलं मात्र, आणि अभिनंदनांचा असा पाऊस पडला की सांगायचं राहूनच गेलं. राहूनच गेलं, हे त्याचे शब्द. खरं म्हणजे त्यानं सांगितलं नाही.

आठवडाही गेला नाही, तोच ऑपरेटरनं वेबसाइटवर लिहिलं : 'शेवटच्या डब्यापर्यंत एकही माणूस पोचलेला नाही. सापडला म्हणणारे सगळे खोटारडे आहेत. खेळ बंद.'

ते वाचलं आणि चष्मेवाल्याच्या पायाखालची वाळू सरकली. म्हणजे खरा डबा तिथंच आहे. ऑपरेटरचं घर हाकेच्या अंतरावर होतं. जाऊन पाय धरायचे, काका, चुकलो म्हणायचं, चार शिव्या खायच्या, मिटलं असतं. पण गडी गेला तो सरळ गल्लीत. डबा चौकटीमागून काढला आणि खिशात घातला. दुकानात आल्यावर उघडून बघितला. बाहेरगावच्या चौघांची नावं होती आणि शेवटी मॅटिनीचं. भिंग नव्हतं. त्या जागी निळ्या खड्याचं एक कानातलं होतं.

पुढं मॅटिनी शिकायला म्हणून दूर गेली आणि तिकडचीच झाली. बाप-लेकीचं बोलणं औषधपाण्यापुरतं उरलं, असं कानावर यायचं. असेल काही घरचं, असं चष्मेवाला स्वतःला सांगायचा. लोक उलट त्याचीच कीव करायचे : बिचारा, एवढ्या कष्टानं शोधला, आणि ऑपरेटरनं खोटारडा म्हटलं! ती कीव त्यानं मुकाट्यानं खिशात घातली. खण उघडला की मात्र फ्रेमांखालून पत्रा वाजायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

आणि आता पोस्टमास्तरीणबाईंच्या डोक्यात आलं होतं की त्या हरवलेल्या खेळाची आठवण म्हणून तो पुन्हा जसाच्या तसा मांडायचा. बाई निवृत्त झाल्यापासून त्यांना स्वस्थ बसवत नाही. "आम्ही तेव्हा चौथ्यालाच अडकलो होतो," त्या म्हणाल्या. "पाचव्याची जागा ठाऊक असलेले इथं तुम्ही एकटेच. येत्या रविवारी. ऑपरेटरनाही बोलावलंय. त्यांची मुलगी आलीय ना, त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी; ते झालंय आता. तीच आणते म्हणाली."

चष्मेवाल्यानं मान हलवली. दुसरं काय करणार होता?

दोनच दिवसांनी बाप-लेक दुकानाच्या पायऱ्या चढून आली. ऑपरेटर वाळून काठीसारखा झाला होता. मॅटिनी चाळिशीला टेकलेली, केसांत दोन-चार चंदेरी तारा. तिनं बापाचा दंड धरला होता, पण तो जरा लांबूनच, एखादी नर्स धरते तसा.

"नवा चष्मा करायचाय," ऑपरेटर म्हणाला. "दुसरीकडं जाणार होतो, ही ऐकेना."

चष्मेवाल्यानं त्याला खुर्चीत बसवलं, चाचणीची जड फ्रेम नाकावर ठेवली आणि एकेक भिंग घालत गेला. एवढ्या जवळून त्या डोळ्यांत बघायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती.

"आता कसं दिसतंय?"

"धूसर."

"आणि आता?"

"आता दिसतंय." ऑपरेटर फळ्यावरची अक्षरं सोडून त्याच्याकडंच बघत होता. "तुझं तोंडही दिसतंय. म्हातारा झालास की रे."

"वय कुणाला सुटलंय, काका."

"खोटं बोलणाऱ्याला लवकर गाठतं."

"बाबा!" मॅटिनी म्हणाली.

"बाबा काय? तो म्हणाला सापडला, तूही म्हणालीस सापडला. मी डब्यात ठेवलेला रिळाचा तुकडा दाखवा म्हटलं तर दोघांचेही हात रिकामे." असं म्हणून ऑपरेटर उठला आणि फ्रेमा बघायला आरशापाशी गेला. चष्मेवाल्याच्या बायकोनं त्याला एक सोडून दहा फ्रेमा काढून दिल्या आणि बोलण्यात गुंतवलं.

मॅटिनी काउंटरवर वाकली. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्याच्या कडीत पितळी वळ्यात बसवलेलं एक गोल भिंग लटकत होतं. चष्मेवाल्यानं ते लगेच ओळखलं. आपल्या हातची कड माणूस विसरतो होय?

"काका, तुम्हाला एक विचारू?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीही पोस्टरमागूनच काढला होता ना डबा?"

"हो... म्हणजे, तिथंच होता."

"बघा! मी वेडी नव्हते. बाबांचा वाढदिवस होता हो त्या दिवशी. कुणालाही न सांगता पाचही डबे शोधले. पाचव्यात कानातलं ठेवलं, हे भिंग घेतलं आणि पळत घरी गेले. म्हटलं, बाबा, तुमचा खजिना मी काढला! त्यांनी विचारलं, रिळाचा तुकडा कुठाय? मी म्हटलं, तुकडाबिकडा काही नव्हता, हे भिंग होतं. तर म्हणाले, मी भिंग ठेवलंच नव्हतं. तू बाजारातून आणलंस." तिनं आरशाकडं एकदा बघून घेतलं. "मी त्यांना हाताला धरून गल्लीत आणलं. दुसऱ्याच दिवशी. चौकटीमागं हात घातला. काही नव्हतं. माझ्या हाताला नुसती धूळ लागली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चालायला लागले. ते बघणं अजून माझ्या डोळ्यांपुढनं जात नाही."

डबा काढला तेव्हा चष्मेवाल्याला वाटलं होतं, आपण फक्त स्वतःला वाचवतोय. त्या पोरीच्या पायाखालची जमीनच आपण काढून घेतोय, हे त्याला आज कळत होतं.

"तुम्हालाही खोटं पाडलं त्यांनी. तुम्हीही गप्प बसलात, रागानंच असेल," ती म्हणाली. "पण काका, आता सांगा ना त्यांना. दुसरं कुणी साक्षीदारच नाही माझ्याकडं. सोमवारी मी जातेय. या वेळीही ते असेच राहिले तर मी परत यायची नाही. माझ्यात आता तेवढी ताकद नाही."

"रविवारी," चष्मेवाला म्हणाला. "रविवारी सगळ्यांसमोर बघू."

"येतील ते. म्हणतात, नवा चष्मा घालून लबाडांची तोंडं बघायची आहेत." ती हसली, पण तिचे डोळे भरले होते.

त्या आठवड्यात चष्मेवाल्याला अन्न गोड लागलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" तो म्हणाला, पित्त. ऑपरेटरची भिंगं त्यानं स्वतः घासली, पुन्हा पुन्हा तपासली, जणू तेवढ्यानं फिटणार होतं! आणि भिंगं घासता घासताच त्याला युक्ती सुचली. डबा होता तसा पोस्टरमागं ठेवून द्यायचा. रविवारी मॅटिनीलाच शोधायला लावायचं. आत तिचं नाव, तिचं कानातलं. पोरगी खरी ठरेल. डबा इतकी वर्षं चौकटीत खाली घसरून अडकला असेल, असं लोक आपणच समजतील. आपल्याला तोंड उघडायची गरजच नाही. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

रविवारी सकाळी त्यानं खणातून डबा काढला आणि सवयीनं चष्म्याच्या मऊ फडक्यानं पुसला. तीस वर्षांची सवय ती; काच असो की पत्रा, हातात आलं की पुसायचं. मग गल्लीत जाऊन तो चौकटीमागं ठेवला. परत वळताना समोर तो लोखंडी जिना दिसला. वाट कुठं बसून बघितली? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची नजर वरच्या पायरीपर्यंत गेली. त्यानं ती झटकन खाली घेतली आणि घर गाठलं.

दुपारी सगळी वरात चार डबे काढून गल्लीत पोचली. चष्मेवाल्याची बायकोही आली होती, एकदाचं बघू तरी म्हणून. ऑपरेटरसाठी गोदामातून एक खुर्ची मागून आणली. तो नवा चष्मा घालून ताठ बसला आणि एकेकाचं तोंड खरंच न्याहाळू लागला.

"चला, पाचवा!" पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. "चष्मेवाले, कुणाला मान?"

"मॅटिनीला," तो म्हणाला. "नवा डबा अजून माझ्या पिशवीतच आहे; आधी जुन्या जागी तिला हात घालू दे."

मॅटिनी सरळ चौकटीपाशी गेली आणि डोळे मिटून मागं हात घातला. तिचा हात बाहेर आला तेव्हा त्यात डबा होता.

"बाबा!" ती ओरडलीच. तिनं झाकण उघडलं. "बाबा, हे बघा, माझं कानातलं! निळं! आईचं होतं ते, आठवतं? हे बघा माझं नाव! होता ना डबा? होता ना?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑपरेटरनं हात पुढं केला. डबा घेतला, उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला, अगदी रिळावरचा ओरखडा बघावा तसा. आणि सारा जन्म अंधाऱ्या खोलीत काढलेल्या त्या माणसाला आज सगळं लख्ख दिसत होतं.

"कधी ठेवलास?" त्यानं मुलीला विचारलं.

"काय?"

"एवढी वर्षं उन्हापावसात राहिलेला पत्रा असा असतो? ना गंज, ना धुळीचा कण. चकचकीत पुसलाय." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या दिवशी मी इथं उभा होतो. तुझ्याबरोबर. इथं काही नव्हतं. आज उगवला? तेव्हाचं एक खोटं लपवायला आज दुसरं आणलंस? तेही आईचं कानातलं घालून?"

टाळ्या थांबल्या. कुणी जमिनीकडं बघायला लागलं, कुणी यंत्राकडं. पोस्टमास्तरीणबाईंच्या तोंडावर दया आली होती, आणि ती दया मॅटिनीसाठी होती. म्हणजे त्यांनाही पटलं होतं! सगळ्यांनाच पटलं होतं. मॅटिनीनं एकदा चष्मेवाल्याकडं बघितलं. सांगा ना, असं ते बघणं होतं. तो पोस्टरच्या चौकटीकडं बघत राहिला. मग तिनं कानातलं बापाच्या मांडीवर ठेवलं, पर्स खांद्याला लावली.

"मी निघते, बाबा," ती म्हणाली. "औषधं टेबलावर आहेत."

ती दोन पावलं गेलीही. आणि चष्मेवाल्याला दिसलं की आपण पुन्हा तेच केलं. एकदा डबा काढून या पोरीला खोटं पाडलं, आज ठेवून पाडलं. आता गप्प राहिलो तर हे तिसऱ्यांदा, आणि यानंतर चौथी वेळ येणार नाही.

"मी ठेवला," तो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

"मी ठेवला तो डबा!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि आवाज फाटला. "आजही मीच ठेवला आणि तेव्हाही मीच. ते भिंग माझ्या दुकानातलं. मला खरा डबा सापडलाच नव्हता, काका. पहिलं नाव लागावं म्हणून आपला ठेवला. तुम्ही सगळ्यांना खोटारडे म्हणालात तेव्हा घाबरून काढून घेतला. ही तुम्हाला घेऊन आली, त्याच्या आदल्या संध्याकाळी. हिनं कधीच खोटं सांगितलं नाही. खोटारडा इथं मी एकटाच आहे."

त्याची बायको त्याच्याकडं असं बघत होती, की हा कोण माणूस आपल्या घरात राहतो.

ऑपरेटर मॅटिनीकडं बघत होता. ती वळली होती. तिला राग आला असेल, ती आता आपल्या तोंडावर थुंकेल, असं चष्मेवाल्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी वरच चालले होते त्या दिवशी. कोडं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. वाट बघणारी मीच, दुसरं कोण? माझा पाय पहिल्या पायरीवर होता. तेवढ्यात पोस्टरमागं काहीतरी चमकलं. मला वाटलं, अरे, इथंच आहे की. आणि मी पाय मागं घेतला."

"मला वाटलं, तू ती पायरीच विसरलीस," तो म्हणाला. "खोटं बोललीस त्याचं नंतर. आधी तेच वाटलं, पोरी. कोडं तुझ्यासाठीच घातलं होतं मी. बाकीच्यांचं मला काय!"

मॅटिनी जिना चढायला लागली. लोखंड करकरत होतं. वरच्या पायरीशी पोचल्यावर ती गुडघ्यांवर बसली, पायरीखाली हात घातला, ओढलं, पुन्हा जोर लावून ओढलं, आणि तांबूस गंजानं माखलेला डबा तिच्या हातात आला. मग ती त्या पायरीवर बसली, डबा मांडीवर घेऊन, शाळेतून आल्यावर बसायची तशीच. झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा आंबूस वास खालपर्यंत आला. रिळाचे तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाले होते. तिनं त्यातला एक सोडवून सूर्याकडं धरला.

"काही राहिलंय का गं त्यात?" ऑपरेटरनं खालून विचारलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"खडक दिसतोय. मुलगी नीट दिसत नाही."

"मला दिसतेय," ऑपरेटर म्हणाला. तो रिळाकडं बघतच नव्हता. त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला आणि पुन्हा वर बघत राहिला.

"बाबा, कागद कोरा आहे!"

"कोराच असणार. लिही तुझं नाव. पहिलं."

"पेन नाहीये माझ्याकडं."

सगळ्यांनी खिसे चाचपले. चष्मेवाल्याच्या खिशाला पेन होतं, नेहमीचंच, पावत्यांचं. त्यानं ते काढून पोस्टमास्तरीणबाईंच्या पुढं धरलं. बाईंनी त्याच्याकडं न बघता घेतलं आणि जिना चढायला लागल्या.

तेव्हा ऑपरेटर त्याच्याकडं वळला. नव्या भिंगांतून त्यानं त्याला नीट, सावकाश बघितलं.

"चष्मा चांगला झालाय," तो म्हणाला. "जा आता तू."

चष्मेवाला निघाला. त्याची बायको आधीच गल्लीच्या तोंडाशी पोचली होती आणि त्याच्यासाठी थांबली नव्हती. मागं वर कुठंतरी मॅटिनी हसली, की रडली, ते त्याला कळलं नाही. पेन परत घ्यायला तो थांबला नाही.